सांभाळ चुलत्याकडे

खिडकीतल्या बाईंनी कागद परत सरकवले तेव्हा त्यांच्या आवाजात जराही कडवटपणा नव्हता, आणि संपतरावांना नंतर तेच जास्त लागलं. कुणी खेकसलं तर माणसाला निदान रागावता तरी येतं. "काका, तुम्ही भारतीय आहात, त्याला कोण नाही म्हणतंय," बाई म्हणाल्या, "पण तुम्ही इथले नाहीत ना." मग चष्मा नीट बसवून त्यांनी नियम वाचून दाखवला, कच्च्या पोराला गणित समजावून सांगावं तसा. फी आणि वसतिगृह दोन्ही माफ करणारी ही विद्यापीठाची शिष्यवृत्ती फक्त राज्याच्या रहिवाशांसाठी. विद्यार्थी किंवा त्याचा पालक, दोघांतला एकजण अर्जाआधी सलग पंधरा वर्षं राज्यात राहिलेला पाहिजे. परदेशातून परतलेल्यांना वेगळी सवलत नाही. "आम्हाला परत येऊन तीन वर्षं झाली," संपतराव म्हणाले. "तीनच," बाई म्हणाल्या आणि त्यांच्या खांद्यावरून मागच्या माणसाकडं बघू लागल्या. संपतराव बाजूला झाले. बाजूला होताना पुढं पायरी आहे असं त्यांना वाटलं आणि पाय खाली गेला. पण तिथं पायरी नव्हती, सपाट फरशी होती, आणि टाचेपासून थेट मेंदूपर्यंत एक दणका बसला. एवढंच झालं. कुणाच्या लक्षातही आलं नाही.

व्हरांड्याच्या टोकाला दीपमाला नळाखाली ओंजळ धरून पाणी पीत होती. सतरा वर्षांची पोर, आईसारखी उंच, कोपरं टोकदार. जनावरांची डॉक्टर व्हायचं हे तिनं कधी ठरवलं ते संपतरावांना माहीत नव्हतं. बारावीचे गुण हातात आले तेव्हा तिनं ते सांगितलं, जणू घरात सगळ्यांना ठाऊकच आहे अशा आवाजात. "काय म्हन्ल्या बाई?" तिनं विचारलं. "बघू," ते म्हणाले. तिनं ओले हात ओढणीला पुसले आणि पुन्हा काही विचारलं नाही. दोघांचं बोलणं असंच असायचं. एक प्रश्न, एक उत्तर, आणि मग रस्ता.

हिंगोलीकडं येणाऱ्या गाडीत ती खिडकीशी बसून झोपली आणि संपतराव त्या एका शब्दापाशी बसून राहिले. इथले. झांबियात चोमा नावाच्या गावी त्यांनी सोळा वर्षं पोरांना गणित शिकवलं होतं. तिथंही दर दोन वर्षांनी कागद घेऊन अशाच एका खिडकीपुढं उभं राहावं लागायचं, आणि आतला माणूस हसून शिक्का मारायचा: तात्पुरता मुक्काम. तिथल्या लाल मातीत गंगासागरनं, त्यांच्या बायकोनं, शिक्षकांच्या क्वार्टरमागं मेथी केली, अंबाडी केली, आणि त्याच मातीच्या गावात तीन दिवसांच्या तापात ती गेली. दुकानदार गुजराती मंडळींनी लाकडं जमवली होती. तेव्हाही तो मुक्काम तात्पुरताच होता. म्हणजे कागदावर तिकडं सोळा वर्षं ते नव्हते, आणि तिकडं होते म्हणून इकडंही नव्हते. गणिताच्या माणसाला हे मांडता येईना. त्यांना आपल्या गावाकडची बोली आठवली. तिथं कुणी नुसतं खात नाही की जात नाही. तो खाऊन राहिला, जाऊन राहिला, येऊन राहिला. माणूस काहीही करो, सोबत राहतच असतो. एक्क्याऐंशी साली सेनगावच्या फाट्यावर हातात पत्र्याची पेटी घेऊन उभे असताना कुणीतरी विचारलं होतं, काय संपतराव, कुठं? आणि ते ऐटीत म्हणाले होते, "आफ्रिकेला जाऊन राहिलो."

सत्त्याण्णव साली परत आले ते दोघंच. साठवलेलं बरंचसं तिथल्या नाण्याच्या घसरणीबरोबर विरघळून गेलं होतं. गाव सेनगावच्या पुढं. तिथं थोरला भाऊ जळबा, वहिनी धुरपताबाई, जमीन आणि शेळ्या. पण गावात कॉलेज नव्हतं आणि संपतरावांना शिकवण्या घ्यायच्या होत्या, म्हणून हिंगोलीत जैनबबी नावाच्या म्हाताऱ्या बाईंच्या घरामागच्या दोन खोल्या त्यांनी भाड्यानं घेतल्या. त्या तीन वर्षांत एक गंमत झाली होती. हिंगोली परभणीतून फुटून स्वतंत्र जिल्हा झाला. कचेऱ्यांवरच्या पाट्या रंगवल्या गेल्या. त्यांचं गाव जागचं तसूभर हललं नाही, तरी एका सकाळी ते दुसऱ्या जिल्ह्यात गेलं, आणि त्याला कुणी काही विचारलं नाही.

जळबा पुढल्या आठवड्यात आला, बाजार करून, खांद्यावरचं धोतराचं फडकं झटकत. खोलीत एकच खुर्ची होती, ती सोडून तो भिंतीला टेकून खाली बसला. सगळं ऐकून घेतलं. मग बराच वेळ तंबाखू मळत राहिला.

"म्हंजी पोरगी किंवा पालक," तो म्हणाला.

"व्हय."

"आन् पालक म्हंजी बापच पाहिजे असं न्हाई."

"तसं न्हाई. सांभाळणारा कुणीही."

"मंग मी हाय की. मी कुठं गेलो? निजामाच्या राजात हितंच व्हतो, पोलिस अॅक्शन झाली तवा हितंच, मुंबई राज्य आलं, महाराष्ट्र आला, आता ह्यो नवा जिल्हा. सगळे येऊन गेले, मी जागचा उठलो न्हाई." तो हसला. पुढचे दात पडल्यामुळं त्याचं हसू अलीकडं मऊ झालं होतं. "पोरगी माझ्या सांभाळात हाय असं लिहून दे. तिची माय न्हाई. तू असा एकला. काय खोटं हाय त्यात?"

खोटं होतं, हे संपतरावांना दिसत होतं. तीन वर्षं पोरगी त्यांच्याजवळ होती. पण जळबा उदार मनानं बोलत होता, आणि उदार माणसापुढं हिशेब काढायचा कसा? शिवाय त्या उदारपणाच्या मागं कुठंतरी धुरपतावहिनी उभी होती, आणि तिचं नाव दोघांपैकी कुणीच काढलं नाही. वहिनीला मूल झालं नव्हतं. दीपमाला गावातच जन्मली, ब्याऐंशी साली, संपतराव तिकडं असताना. गंगासागर बाळंतपणातून लवकर उठली नाही. पहिलं वर्षभर लेकरू धुरपताबाईच्याच पदराखाली वाढलं. शेळीचं दूध, राळ्याची पेज, काजळ, दृष्ट, सगळं तिनं केलं. मग संपतरावांची तिकिटं आली आणि गंगासागर लेकराला घेऊन निघाली. त्या दिवशी धुरपताबाई पहाटेच रानात गेली आणि दिवस बुडेपर्यंत घरी आली नाही, असं गंगासागरनं त्यांना चोम्यात पोचल्यावर सांगितलं होतं. तेव्हा ते म्हणाले होते, शेतीची कामं असतात.

दीपमालाला त्यांनी त्याच दिवशी सांगितलं. "कागदावर तुझा सांभाळ मोठ्या बाबांकडं दाखवायचा. चौकशी होईल, तोवर तू गावाकडं राहा. आणि कुणी विचारलं तर सांगायचं, बाबा मला सांभाळत नाहीत." ती भाकरी करत होती. तव्यावरची भाकरी तिनं उलटली, फुगू दिली. "बरं," ती म्हणाली. तिनं नको म्हणावं असं आपल्याला वाटत होतं हे संपतरावांना तिच्या 'बरं'नंतर कळलं.

तहसीलच्या आवारात टाइपरायटर घेऊन बसणारा महेबूब हा त्यांच्या एका शिकवणीच्या मुलाचा चुलता. त्यानं स्टॅम्पपेपर यंत्रात चढवला, बोटं मोडली आणि विचारलं, "मास्टर, 'सांभाळत नाही' लिहू का 'सांभाळ करण्यास असमर्थ' लिहू?"

"काय फरक पडतो?"

"असमर्थ म्हन्लं की माणूस गरीब दिसतो. सांभाळत न्हाई म्हन्लं की वाईट दिसतो. साहेबाला दोन्ही चालतं. अठरा पूर्ण व्हायच्या आत झालं पाहिजे बघा, मंग पालक बदलता येत न्हाई."

"असमर्थ लिहा," संपतराव म्हणाले. यंत्र खडखडू लागलं. मी, संपतराव, शपथेवर लिहून देतो की पत्नी वारल्यापासून मी माझी मुलगी दीपमाला हिचा सांभाळ करण्यास असमर्थ असून तिचा सांभाळ तिचे चुलते जळबा हेच करीत आहेत. सही करताना त्यांना काही वाटलं नाही. दिवसभर काही वाटलं नाही. संध्याकाळी शिकवणीत एका पोरीनं वर्गमुळाचं चिन्ह उलटं काढलं आणि ते दुरुस्त न करताच पाणी प्यायला म्हणून ते आतल्या खोलीत जाऊन उभे राहिले. तिथं दीपमालाची वळकटी बांधून ठेवलेली होती.

ती गेली, आणि दोन खोल्यांतली एक अचानक जास्तीची झाली. आवाज कमी झाला असं म्हणावं तर आवाज कधी नव्हताच. पण दोन माणसं गप्प असतात ते गप्प आणि एक माणूस गप्प असतो ते गप्प यांत फरक असतो हे त्यांना ठाऊक नव्हतं. ती असताना संध्याकाळी ती अभ्यास करायची आणि ते वह्या तपासायचे, आणि मधूनमधून तिच्या बांगडीचा टेबलाला किणकिण स्पर्श व्हायचा. त्यांना वाटायचं हे चांगलं चाललं आहे, याला घर म्हणतात. चोम्यातही शेवटचं वर्ष असंच गेलं होतं. गंगासागर गेल्यावर पोरीनं भात शिजवायला शिकून घेतलं, ताटं मांडायला शिकून घेतलं, आणि आईची बोली टिकवून धरली. शाळेत इंग्रजी, शेजारी तिथल्या लोकांची टोंगा, आणि घरात ही सेनगावकडची जुनी मराठी, जी ऐकून हिंगोलीच्या कॉलेजातल्या मुली तोंडावर रुमाल धरून हसल्या होत्या. काहून, व्हय, न्हाई. शहरातल्या मुलींना वाटलं ही खेड्यातली. मग तिचं फाडफाड इंग्रजी ऐकून त्यांना काही समजेनासं झालं. त्यांनी तिला एकटी सोडली. हे सगळं संपतरावांना दुसऱ्याच कुणाकडून कळलं होतं. तिनं सांगितलं नव्हतं, आणि त्यांनी विचारलं नव्हतं.

जैनबबी एकदा अंगणात गहू निवडत बसल्या होत्या. "मास्टरसाब," त्यांनी विचारलं, "बेटी दिखी नै बहुत दिनां से."

"गावाकडं आहे. भाभीकडं."

"बीमार है क्या?"

"नै."

"फिर?"

काय सांगावं? चौकशीचा माणूस इथंही येऊ शकतो, शेजारपाजार विचारू शकतो, असं महेबूब म्हणाला होता. संपतराव म्हणाले, "तिथंच असते ती." जैनबबींनी सुपातून मान वर करून त्यांच्याकडं पाहिलं. तीन वर्षं त्यांच्या डोळ्यांदेखत दोरीवर तिचे कपडे वाळत होते. "अच्छा," त्या म्हणाल्या, आणि पुन्हा गव्हाकडं वळल्या. त्या दिवसापासून संपतराव हिंगोलीत कुठंही 'माझी मुलगी' हा शब्द टाळू लागले. किराणा दुकानात, पोस्टात, शिकवणीतल्या पालकांसमोर. आधी तो सावधपणा होता. नंतर तो शब्द तोंडाशी यायचाच थांबला, जसा न बोलल्या जाणाऱ्या भाषेतला शब्द थांबतो.

गावाकडं ते आठवड्यातून एकदा जात. हिंगोलीहून सेनगाव, तिथून जीप. जीपच्या मागच्या फळीवर गुडघ्याला गुडघा लावून बसलेली माणसं. दोन्ही बाजूंना सोयाबीन. ते गेले तेव्हा या रानांत ज्वारी आणि कापूस असायचा. सोयाबीन हा शब्द त्यांनी आफ्रिकेत ऐकला होता, आणि परत आले तर तो त्यांच्याआधीच गावी येऊन बसला होता. घरी पोचले की वहिनी पाणी आणून द्यायची, "भावजी, बसा," म्हणायची, आणि जळबा रानात असला तर त्यांच्याशी बोलायला घरात कुणी नसायचं. दीपमाला गोठ्यामागं शेळ्यांत असायची. तिथून तिचा आवाज यायचा, चढा आणि सैल. ती वहिनीशी भांडायची. "मोठी आई, तू तिला पुन्हा पाला टाकलास का? पोट फुगून राहिलं बघ तिचं." आणि वहिनी म्हणायची, "आली मोठी डाक्टरीण." मग दोघी हसायच्या. संपतराव ओसरीवर बसून ते ऐकत. त्यांच्या खोल्यांमध्ये ही पोर कधी भांडली नव्हती. त्यांना ते समंजसपणाचं लक्षण वाटत असे.

तलाठी आला तो नेमका ते आलेले असतानाच. मोटारसायकल लिंबाखाली लावून, बगलेत दप्तर घेऊन, घाम पुसत ओसरीवर चढला. सोबत शेजारचे दगडोबा, पंच म्हणून. संपतराव उठून उभे राहिले; मग उभं राहणं संशयास्पद दिसेल म्हणून पुन्हा बसले. त्यांच्या मनात आलं, आपण आज यायला नको होतं, आणि लगेच दुसरं आलं, की मुलीच्या सासरी आल्यागत भीतीनं आपण का बसलो आहोत. तलाठ्यानं जळबाला विचारलं, रेशनकार्ड पाहिलं, त्यावर वाढवलेलं नाव पाहिलं. दगडोबांनी "हितंच असती पोरगी" म्हणून सांगितलं. मग तलाठी म्हणाला, "तिला बोलवा."

ती आली तेव्हा तिच्या काखेत शेळीचं एक पिल्लू होतं, दोनतीन दिवसांचं, आणि ते तिनं खाली ठेवलं नाही.

"तू कोनापाशी राहतीस?"

"मोठ्या आईपाशी."

"आन् वडील?"

तिनं ओसरीच्या टोकाला बसलेल्या संपतरावांकडं पाहिलं. "ते काय बसलेत," ती म्हणाली. "हिंगोलीला राहतात. येतात आठवड्याला."

तलाठ्यानं मान वळवून त्यांच्याकडं पाहिलं. "बरं. सांभाळत न्हाईत का ते तुला?"

हाच तो प्रश्न होता. उत्तर त्यांनीच शिकवलं होतं. संपतरावांनी नजर जमिनीकडं नेली. सारवलेल्या भुईवर बोटांच्या अर्धगोल रेघा उमटल्या होत्या, आणि त्यांतल्या दोन तऱ्हा त्यांना दिसल्या, एक रुंद बोटांची, एक बारीक. दाराच्या आड वहिनीची बांगडी वाजली आणि थांबली. दीपमाला उगीच त्या पिल्लाच्या कानामागं खाजवत राहिली. ती खोटं बोलायला अडखळते आहे असं तलाठ्याला वाटलं असावं, किंवा बापाची लाज राखते आहे असं. मग ती म्हणाली, "मला हितंच बरं वाटतं."

हे शिकवलेलं नव्हतं.

तलाठ्यानं मान हलवून लिहायला घेतलं. काय लिहिलं कुणास ठाऊक. पण त्या वाक्यानं त्याचं समाधान झालं, कारण चौकशीत पढवलेलं माणूस असं सांगत नाही. जळबानं सही केली. वहिनीनं चहा आणला. पहिला कप तलाठ्याला, दुसरा दगडोबांना, तिसरा संपतरावांना. चांगले, कानाचे कप. जळबा आणि दीपमाला आत जाऊन पितळीत प्यायले. पिल्लू आईकडं सोडलं गेलं. सगळं नीट पार पडलं होतं. तलाठी निघताना म्हणाला, "काम होऊन जाईल, मास्तर, काळजी करू नका," आणि संपतराव त्याला नको इतक्या वेळा हो म्हणाले.

परतीच्या जीपमध्ये त्यांना पुढं जागा मिळाली. काचेतून रस्ता अंगावर येत होता. ते स्वतःला सांगत होते, पोर हुशार निघाली. खोटं बोलली नाही आणि कामही केलं. हे त्यांनी दोनतीनदा सांगून पाहिलं. पण तिचा आवाज त्यांनी ऐकला होता. तो युक्तीचा आवाज नव्हता. बारावीचे गुण हातात घेऊन जनावरांची डॉक्टर होणार म्हणाली तेव्हाचाच तो आवाज होता, घरात सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट सांगतानाचा. मग त्यांना चोम्यातली एक संध्याकाळ आठवली, जी त्यांनी पुष्कळ दिवस आठवू दिली नव्हती. गंगासागरला जाऊन महिना झाला असेल. ते वह्या तपासत होते. पोरगी दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, बाबा, मला झोप येत न्हाई. ते म्हणाले, पडून राहा, येईल. ती गेली नाही, उभीच राहिली. त्यांनी मान वर केली नाही. त्यांना मान वर करता येईना, कारण तिच्या चेहऱ्यात गंगासागर होती आणि ती बघायची त्यांची छाती नव्हती. लाल शाईच्या पेनानं ते बरोबरच्या उत्तरावरही खुणा करत राहिले. बऱ्याच वेळानं पाहिलं तर दार रिकामं होतं. चौदा वर्षांचं लेकरू त्या रात्री कुठं जाऊन पडलं असेल, कुणापाशी? सेनगावच्या अलीकडं जीपनं एक खड्डा घेतला आणि शेजारचा माणूस त्यांच्यावर कोसळला. "तकलीफ झाली का?" त्यानं विचारलं. "न्हाई," संपतराव म्हणाले. सांभाळ करण्यास असमर्थ. हे वाक्य आपण खोटं म्हणून लिहून दिलं होतं, असं ते इतके दिवस समजत होते.

शिष्यवृत्ती मंजूर झाली. श्रावण लागायच्या आधी ती विद्यापीठात गेली. पालकाची सही लागणार म्हणून जळबा सोबत गेला, धुवट धोतर नेसून. आयुष्यात पहिल्यांदा तो इतक्या लांब चालला होता. संपतराव गेले नाहीत. तिथं त्याच खिडकीत त्याच बाई असतील आणि त्यांना चेहरा आठवेल अशी भीती होती, आणि जळबा म्हणालाही, "दोन दोन बाप कशाला, शंका यायची." ते खरंच होतं. त्या दिवशी त्यांनी सगळ्या शिकवण्या घेतल्या. रात्री भाजी जास्त झाली ती जैनबबींना नेऊन दिली. म्हातारीनं भांडं घेतलं, धुऊन परत दिलं, आणि या वेळी काही विचारलं नाही. त्यांना वाटलं विचारलं असतं तर बरं झालं असतं.

दिवाळीच्या सुट्टीला ती येणार हे जीपवाल्याकडून कळलं. सेनगाववरून पुढं जाणारी रिसोडची गाडी हिंगोली स्टँडवर दहा मिनिटं थांबते, चहापाण्याला. संपतरावांनी त्याआधी दोन दिवस खोल्या झाडल्या, तिच्या खोलीतले शिकवणीचे बाक बाहेर काढले, नवी चादर आणली. तिनं उतरायचं आणि दिवाळीचा पहिला दिवस इथं काढायचा, मग दोघांनी मिळून गावाला जायचं, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. ते तिला कळवलं नव्हतं. कळवायचं राहून गेलं, असं नाही; विचारायची वेळ येऊ नये म्हणून कळवलं नव्हतं.

गाडी आली. ती खिडकीतच होती, आणि त्यांना पाहून तिचा चेहरा उजळला, ते खरंखुरं उजळणं होतं. त्याबद्दल त्यांना पुढंही कधी शंका आली नाही. ती धावत खाली उतरली. "बाबा, तुमी हितं कसे?" हातात फक्त रुमाल आणि छोटी पर्स. संपतरावांनी तिच्या मागं खिडकीतून आत पाहिलं. बॅग वरच्या फळीवर होती, आतल्या बाजूला नीट सरकवून ठेवलेली, शेवटच्या थांब्यापर्यंत जाणाऱ्या माणसाची ठेवतात तशी.

त्यांनी तिला टपरीवर चहा दिला. ती बोलत होती. गाईच्या पोटात हात घालून वासरू कसं चाचपायचं ते तिनं चहाचा कप दुसऱ्या हातात घेऊन दाखवलं, खांद्यापर्यंत. पहिल्यांदा कशी घाण वाटली आणि मग आत किती ऊबदार लागतं. तिच्या खोलीत बीडची एक मुलगी होती, ती घोरते. इतकं ती त्यांच्याशी एका दमात कधीच बोलली नव्हती, आणि त्यांना प्रत्येक शब्द साठवून ठेवावासा वाटत होता, पण मधेच डोळे त्या फळीकडं जात. कंडक्टरनं घंटी दिली.

"तुमी बी चला ना आत्ताच," ती म्हणाली. "मोठी आई करंज्या करून राहिली असंल."

चला म्हणताना तिनं त्यांचा हात धरला होता. जावं, असं त्यांना वाटलं. नुसत्या अंगावरच्या कपड्यांनी चढावं, तिच्या शेजारी बसावं. पण मग वहिनी दारात पाणी घेऊन येईल, भावजी बसा म्हणेल, आणि ही आत पळत जाईल. ते आज बघवणार नाही. उद्या कदाचित बघवेल. "दोन दिवस शिकवण्या आहेत," ते म्हणाले. "मग येतो. पाडव्याला येतो."

"नक्की?"

"नक्की."

ती चढली. खिडकीतून तिनं हात बाहेर काढला आणि गाडी वळेपर्यंत आत घेतला नाही. धूळ खाली बसली. फलाटावर तेलकट कागद, उसाची चिपाडं. संपतराव उभे होते तिथंच उभे राहिले. मागच्या सिमेंटच्या बाकावर एक वयस्क माणूस पिशवी मांडीशी घेऊन बसला होता, फेट्यातला, अनोळखी. तो बराच वेळ हे बघत असावा.

"पाव्हणी व्हती का?" त्यानं विचारलं.

संपतरावांनी सवयीनं आधी इकडंतिकडं पाहिलं. स्टँड माणसांनी भरलेला होता. कुणीही असू शकत होतं, कचेरीतलं, गावातलं, विद्यापीठातलं.

"न्हाई," ते म्हणाले. "लेक हाय माझी."

आवाज अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. टपरीवरच्या दोघांनी वळून पाहिलं आणि पुन्हा आपापल्या चहाकडं वळले. काहीच झालं नाही. कितीतरी महिन्यांनी ते शब्द त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकले होते, आणि ते ज्याला सांगितले त्या माणसाला त्यांचं काही देणंघेणं नव्हतं.

"बरं, बरं," तो माणूस म्हणाला. "आखाडा बाळापूरची गाडी गेली का हो?"

"न्हाई अजून. लागायची हाय."

माणसानं मान हलवली आणि पिशवी उचलून पायाशी ठेवली, बाकावर जागा केली. संपतरावांना कुठंच जायचं नव्हतं. ते त्याच्या शेजारी बसले.